एका पंगतीची शाळा : होलीहेडचा दाखला

अकरा वर्षांच्या मुलांकडे पाहून ‘हा पुढे वकील होईल, हा फिटर होईल आणि ही मुलगी दुकानात माल मोजील’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर आपण त्याला ज्योतिषी समजून दक्षिणा देऊ किंवा ते थट्टेवारी नेऊ. पण त्याच्या सांगण्यावरून मुलाची शाळा ठरवावयास कोणी आईबाप तयार होणार नाहीत. असे असूनही ब्रिटनसारख्या पुढारलेल्या देशाने दुसऱ्या महायुद्धानंतरची वीसपंचवीस वर्षे हे भविष्य वर्तविण्याचे काम सरकारी यंत्रणेकडे सोपविले होते. अकराव्या वर्षी एक परीक्षा आणि तिच्या निकालावर पुढचे आयुष्य, अशी ती व्यवस्था. ती मोडून जी शाळा उभी राहिली तिला तिकडे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह स्कूल’ म्हणतात. गावातील सर्व मुलामुलींना, कोणाचीही निवड न करता, एकत्र घेणारी माध्यमिक शाळा असा त्याचा अर्थ. आम्ही तिला सर्वसमावेशक शाळा म्हणू. ही शाळा कशी जन्मली, कशी वाढली आणि तिच्यापुढे कोणते प्रश्न राहिले, हे वेल्समधील होलीहेड या बंदराच्या गावावरून सांगावयाचे आहे.

आम्ही शिक्षणशास्त्राचे पंडित नाही. हयात कामगार संघटनेच्या कामात गेली आणि जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तथापि प्रतवारी म्हणजे काय, हे कामगाराइतके कोणाला ठाऊक असणार? गिरणीच्या दाराशी उभा राहून मुकादम आज कोणाला आत घ्यावयाचे ते बोटाने दाखवी, असे जुने कामगार सांगत. माणूस एकदा बदली ठरला की त्याची कायम होण्याची वाट फार लांबची होई. अकराव्या वर्षीची ही परीक्षा अशीच एका दाराशी उभी होती. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे, असे आम्ही समजतो.

कायदा चांगला, वाटणी वाईट

युद्धापूर्वी इंग्लंड-वेल्समधील बहुतेक कामगारांची मुले चौदाव्या वर्षी शाळा सोडीत. माध्यमिक शाळेला फी पडे. शिष्यवृत्ती मिळविणारी थोडी मुलेच तिथवर पोचत. आर. एच. टॉनी या विचारवंताने १९२२ साली मजूर पक्षासाठी ‘सर्वांना माध्यमिक शिक्षण’ ही मागणी पुस्तकरूपाने मांडली. ती फळाला येण्यास बावीस वर्षे लागली. १९४४ साली, युद्ध चालू असतानाच, शिक्षणमंत्री आर. ए. बटलर यांनी शिक्षणाचा मोठा कायदा करून घेतला. सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या माध्यमिक शाळांतील फी गेली. शाळा सोडण्याचे वय पंधरावर नेण्याचे ठरले आणि १९४७ साली ते अमलात आले. लग्न झाले म्हणून शिक्षिकेला कामावरून काढण्याची चालही याच कायद्याने बंद झाली. एवढ्यावरून पाहिले तर हा कायदा सोन्याचा होता.

गोम पुढेच होती. माध्यमिक शिक्षण सर्वांना म्हटले, पण ते एकाच प्रकारचे, असे कोठे म्हटले होते? १९४३ सालच्या नॉरवुड समितीच्या अहवालाने माणसाची बुद्धी जणू तीन साच्यांची असते असे मांडले होते. एक साचा पुस्तकी विद्येचा, दुसरा यंत्रतंत्राचा, तिसरा हातांनी करण्याच्या प्रत्यक्ष कामाचा. त्याबरहुकूम तीन शाळा ठरल्या : ग्रामर, टेक्निकल आणि मॉडर्न. कायद्यात या तीन नावांची सक्ती कोठेही नव्हती, पण मंत्रालयाने बहुतेक स्थानिक शिक्षणमंडळांना हीच वाट दाखविली. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत. राहिल्या दोन. ग्रामर शाळेत चारपाचांतील एक मूल जाई, बाकीची मॉडर्न शाळेत. ग्रामरमध्ये लॅटिन, विज्ञानाची प्रयोगशाळा आणि विद्यापीठाची वाट. मॉडर्नमध्ये पंधराव्या वर्षी शाळेला रामराम. १९५१ साली नवी शालान्त परीक्षा निघाली, तीत बसण्यास आरंभी सोळा वर्षे पुरी असण्याची अट होती. पंधराव्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाला सोळाव्या वर्षीची परीक्षा काय कामाची?

दाराशी होती ती ‘इलेव्हन प्लस’ परीक्षा : गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापनाची कोडी. बुद्धी बहुतांशी जन्मजात असते आणि ती लहानपणीच मोजता येते, या मताला सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाच्या नावाचे मोठे वजन होते. १९७१ साली बर्ट वारले. त्यानंतर १९७४ साली लिऑन केमिन यांनी त्यांच्या जुळ्या भावंडांवरील आकड्यांविषयी गंभीर शंका काढल्या, आणि १९७९ साली खुद्द बर्ट यांचे चरित्रकार लेस्ली हर्नशॉ यांनी त्यांतील काही आकडे बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. पण तोवर एका पिढीची वाटणी होऊन गेली होती. १९५७ साली इंग्लंडमधील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा उत्तम पद्धती वापरूनही शंभरांतील सुमारे दहा मुले चुकीच्या शाळेत जातात असे दिसले. मुलींची गोष्ट तर आणखी निराळी. अनेक ठिकाणी मुलींसाठी ग्रामरच्या जागा कमी असत, म्हणून मुलाला जेवढ्या गुणांवर प्रवेश मिळे त्याहून अधिक गुण मुलीला मिळवावे लागत. म्हणजे तराजू एक आणि वजने दोन.

ही वाटणी भांडवलदारांनीच केली, असे म्हणून आम्हांस मोकळे होता येत नाही. युद्धानंतर मजूर पक्षाचे सरकार आले तेव्हा शिक्षणमंत्री होत्या एलन विल्किन्सन. मँचेस्टरच्या गरीब घरात जन्मलेल्या, दुकानकामगारांच्या संघटनेच्या संघटक म्हणून वाढलेल्या आणि १९३६ च्या जॅरोच्या बेकारांच्या मोर्चात चाललेल्या या बाई. शाळा सोडण्याचे वय वाढविण्यासाठी त्या मंत्रिमंडळात झगडल्या. तरीही त्यांनी तीन शाळांचीच व्यवस्था उचलून धरली. त्या स्वतः शिष्यवृत्तीच्या बळावर वर आल्या होत्या. मॉडर्न शाळेलाही ग्रामरइतकीच प्रतिष्ठा मिळवून देता येईल, असा त्यांचा विश्वास होता. १९४७ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. प्रतिष्ठा हुकमाने मिळत नाही, हे पुढच्या वर्षांनी दाखविले. ज्या दारातून नापास झालेली मुलेच आत येतात, त्या दारावर कितीही चांगली पाटी लावली तरी मुलाला आपण कोठे आलो हे कळतेच.

बेटावरचा हिशोब

आता होलीहेडकडे वळू. वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचे बेट आहे आणि त्याला लागून आणखी एक लहान बेट. त्यावर हे गाव वसले आहे. वेल्श भाषेत त्याचे नाव केरगीबी. लंडनहून आयर्लंडला जाणारी टपाल आणि माणसे येथे आगगाडीतून उतरून बोटीत चढत. त्यामुळे गावात वस्ती रेल्वे कामगारांची, गोदी कामगारांची आणि खलाशांची. बाकीच्या बेटावर शेतकरी, मेंढपाळ आणि लहान गावे. साऱ्या परगण्याची लोकसंख्या त्या काळी सुमारे पन्नास हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढीसुद्धा नव्हे.

एवढ्या वस्तीत प्रत्येक गावी दोनदोन, तीनतीन प्रकारच्या माध्यमिक शाळा कशा चालणार? दोन्ही शाळा लहान राहणार. एकीला भौतिकशास्त्राचा शिक्षक परवडणार नाही, दुसरीला सुतारकामाचे दालन परवडणार नाही. दोन इमारती, दोन मुख्याध्यापक, दोन प्रयोगशाळा, आणि दोन्हींकडे अर्धवट भरलेले वर्ग. बेटाच्या शिक्षणसमितीने हा हिशोब केला. शिवाय वेल्समध्ये १८८९ च्या कायद्यापासून परगण्यांनी काढलेल्या माध्यमिक शाळांची परंपरा होती. या शाळांत मुलेमुली पुष्कळ ठिकाणी एकत्र शिकत, आणि दर्यावर्दी व शेतकरी यांच्या घरांतून शिक्षणाची ओढ मोठी होती. आपल्या मुलाला दुय्यम शाळेत घातलेले कोणाला चालणार? अशा प्रकारे काटकसर आणि न्याय या गोष्टी, ज्या सहसा एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या असतात, त्या येथे एका बाजूस आल्या.

१९४९ साली होलीहेडची ग्रामर शाळा आणि तेथील मॉडर्न शाळा एक करण्यात आल्या. लंडनने १९४६ पासून काही तात्पुरत्या सर्वसमावेशक शाळा चालविल्या होत्या. पण गावातील दोन्ही शाळा एकत्र आणून, निवड परीक्षेचे दार काढून टाकणारी पहिली शाळा म्हणून होलीहेडचेच नाव घेतले जाते. त्या वेळी शिक्षणमंत्री होते जॉर्ज टॉमलिन्सन. लँकेशायरच्या कापडगिरणीत बाराव्या वर्षी अर्ध्या वेळेचा कामगार म्हणून लागलेला हा विणकर. सर्वसमावेशक शाळेविषयी मंत्रालय सावधच होते. पण अँगलसीची योजना त्याच्या कारकीर्दीत उभी राहिली.

होलीहेडच्या पाठोपाठ बेटाच्या उत्तरेस ॲमलुख येथे दुसरी शाळा आली. ती जुन्या शाळा जोडून केलेली नव्हती, या हेतूनेच बांधलेली होती. इंग्लंड व वेल्स यांत सर्वसमावेशक शाळा म्हणून मुद्दाम बांधलेली ही पहिली इमारत गणली जाते आणि आज ती संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. पुढे लांगेव्हनी आणि बोमॅरिस. बोमॅरिसची ग्रामर शाळा १६०३ साली डेव्हिड ह्यूज यांनी स्थापिलेली. साडेतीनशे वर्षांची परंपरा असलेली ती शाळाही या योजनेत आली आणि पुढे मेनाय ब्रिज येथे त्याच ह्यूज यांच्या नावाने नांदू लागली. १९५३ पर्यंत साऱ्या बेटावर अकराव्या वर्षीची निवड संपली. ब्रिटनमध्ये हे संपूर्णपणे करणारा पहिला परगणा हा असा समुद्रकाठचा, गरीब आणि विरळ वस्तीचा निघाला. मोठमोठी नगरे चर्चा करीत राहिली.

छपराखाली काय चालते

परंतु एक छप्पर घातले म्हणजे एक शाळा झाली, असे नव्हे. आपल्याकडे पंक्तिप्रपंच हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. पंगत एक, पाने सारखी, पण वाढपी एकाच्या पानावर तूप ओततो आणि दुसऱ्याच्या पानावर नुसती धार दाखवितो. सर्वसमावेशक शाळेचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या पंक्तिप्रपंचाशी झालेला झगडा होय.

सुरुवातीच्या बहुतेक शाळांत मुलांना गुणांप्रमाणे तुकड्यांत बसवीत. वरची तुकडी विद्यापीठाच्या वाटेवर, खालची तुकडी पंधराव्या वर्षाची वाट पाहत. म्हणजे दाराशी असलेली चाळण आत येऊन वर्गावर्गात टांगली गेली. आपल्याकडे ‘अ’ तुकडी हुशारांची आणि शेवटची तुकडी ‘ढ’ मुलांची असे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. यावर पुढे दोन तोडगे निघाले. पहिला, विषयवार गट करणे : जो मुलगा गणितात पुढे आहे तो तेथे वरच्या गटात आणि भाषेत कच्चा असेल तर तेथे खालच्या गटात. माणूस सर्वच बाबतींत हुशार किंवा सर्वच बाबतींत मंद नसतो, एवढे तरी यात मान्य झाले. दुसरा तोडगा, निदान पहिली काही वर्षे सर्व प्रतीची मुले एकाच वर्गात बसविणे. हे शिक्षकाला अवघड जाते, कारण एकाच तासात निरनिराळ्या वेगाने चालणाऱ्यांना सांभाळावे लागते. वर्ग लहान नसेल आणि शिक्षकाला तयारीस वेळ नसेल तर ही पद्धत कागदावर राहते. कामाचा बोजा न मोजता सुधारणा लादली की ती कोलमडते, हा आमचा कारखान्यातला अनुभव शाळेलाही लागू पडतो.

शाळा एकत्र झाल्या की मुलांची संख्या वाढते. लंडनमध्ये १९५८ साली निघालेल्या हॉलंड पार्क या संमिश्र शाळेत सुमारे दोन हजार मुलेमुली होती. एवढ्या गर्दीत मूल हरवेल, ही टीका खोटी नव्हती. म्हणून शाळेची घराणी पाडून प्रत्येकाचा एक प्रमुख नेमण्याची रीत पडली. त्याला मुलाचे नाव, घर आणि अडचण ठाऊक असावी, ही अपेक्षा. दुसरीकडे मोठ्या संख्येचा फायदाही होता. सोळानंतरच्या वर्गात रसायन शिकणारी दोनच मुले असतील तर तो वर्ग चालत नाही. वीस असतील तर चालतो.

आता मुलामुलींच्या सहशिक्षणाविषयी. एका वर्गात बसविले म्हणजे समान वागविले, असे येथेही नव्हते. मुलांना धातुकाम आणि लाकूडकाम, मुलींना स्वयंपाक आणि शिवण, ही वाटणी संमिश्र शाळेतही पुष्कळ वर्षे टिकली. १९७५ सालच्या लिंगभेदविरोधी कायद्याने ती बेकायदा ठरविली आणि १९८८ च्या शिक्षणकायद्याने आणलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तंत्रविषय सर्वांना लागू झाला. शिक्षकांच्या खोलीतही तीच कथा. समान कामाला समान पगार हे तत्त्व शिक्षिकांसाठी १९५५ साली मान्य झाले, पण ते हप्त्याहप्त्याने देत देत १९६१ साली पुरे झाले. समान कामाचे दाम वळते करून घेण्यास सहा वर्षे लागतात, हे आमच्या श्रोत्यांतील संघटनेच्या माणसांनी लक्षात ठेवावे.

पक्षांच्या पलीकडे

१९६५ च्या जुलैमध्ये मजूर सरकारचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक १०/६५ काढून स्थानिक मंडळांना सर्वसमावेशक व्यवस्थेच्या योजना पाठविण्याची विनंती केली. त्या वेळी इंग्लंड-वेल्समधील माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी दहांत एक मूलही अशा शाळेत नव्हते. १९८० च्या सुमारास पाचांतील चार होती. गंमत अशी की १९७० ते १९७४ या काळात हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री होत्या. त्यांनी ते परिपत्रक रद्द केले, पण ग्रामर शाळा बंद करून सर्वसमावेशक करण्याच्या जेवढ्या योजना त्यांच्या सहीने मंजूर झाल्या तेवढ्या दुसऱ्या कोणत्याही मंत्र्याच्या काळात झाल्या नाहीत. कारण सरळ आहे. मॉडर्न शाळेत जाणाऱ्या तीनचतुर्थांश मुलांत मध्यमवर्गाचीही मुले होती, आणि ती नापासाची चिठ्ठी त्या घरांनाही झोंबत होती. ज्या अन्यायाचा चटका अनेक घरांना बसतो तो लवकर दूर होतो. एकट्याला बसणारा चटका मात्र दुसऱ्याला दिसत नाही.

आज वेल्समध्ये आणि स्कॉटलंडमध्ये सरकारी शाळांत अशी निवड उरलेली नाही. इंग्लंडमध्ये मात्र १६३ ग्रामर शाळा टिकून आहेत आणि उत्तर आयर्लंडमध्ये निवडीची पद्धत अजून चालते. म्हणजे ही लढाई पुरी झाली असे म्हणता येत नाही.

जमा आणि खर्च

जमेच्या बाजूस काय धरावे? रेल्वेतील एका सिग्नलमनची मुलगी ग्लेनिस पॅरी याच होलीहेडच्या शाळेत शिकली, कार्डिफच्या विद्यापीठात गेली, पुढे ग्लेनिस किनॉक या नावाने युरोपीय संसदेची सभासद आणि २००९ साली ब्रिटिश सरकारात मंत्री झाली. पण अशी एकेक नावे मोजून शाळेची किंमत ठरविणे आम्हांस पसंत नाही. नावे तर जुनी ग्रामर शाळाही पुष्कळ दाखवील. खरी जमा आहे ती नाव न झालेल्या मुलांची. अकराव्या वर्षी जो मागे होता आणि तेराव्या वर्षी ज्याचे डोके चालू लागले, त्याला आता दुसऱ्या शाळेचे दार ठोठवावे लागत नाही. शेजारच्या वर्गात जाऊन बसले की झाले.

खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. शहरांत शाळा वस्तीप्रमाणे ठरते आणि वस्ती घरभाड्याप्रमाणे. चांगल्या शाळेच्या आसपास घरांच्या किमती चढतात; मग परीक्षेच्या जागी पैसा निवड करू लागतो. १९८८ नंतर शाळांनी विद्यार्थ्यांसाठी चढाओढ करावी असे धोरण आले, त्याने ही फट रुंद झाली. दुसरे असे की, शाळा काम निर्माण करीत नाही. होलीहेडजवळ १९७१ च्या सुमारास ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना सुरू झाला. २००९ साली तो बंद पडला आणि शेकडो कामगार घरी बसले. ज्या गावात शिकून करावयाचे काय याचे उत्तर नाही, तेथील मूल शाळा चांगली असली तरी गाव सोडून जाते, किंवा शिकण्यातच जीव घालीत नाही. तिसरी गोष्ट इमारतीची. २०२३ च्या सप्टेंबरात होलीहेडच्या आणि मेनाय ब्रिजच्या शाळांत कमकुवत, हवेच्या पोकळ्या असलेले काँक्रीट आढळले आणि सत्राच्या आरंभीच वर्ग थांबवावे लागले. सर्वांची शाळा म्हणजे कोणाचीच नाही असे समजून डागडुजीचा पैसा वाचविला की छप्पर असे बोलू लागते.

आपला धागा

या कहाणीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९६४ साली भारत सरकारने डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, आणि सदस्यांत लंडनच्या शिक्षणसंस्थेचे संचालक लायोनेल एल्विन होते. हे एल्विन कारकुनांच्या संघटनेच्या सरचिटणीसाचे चिरंजीव. त्यांचे वडील ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षही झाले होते. या आयोगाने १९६६ साली शेजारशाळेची, म्हणजे एका वस्तीतील सर्व थरांच्या मुलांसाठी एकच सार्वजनिक शाळा असावी अशी, शिफारस केली. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ते तत्त्व मान्य केले. कागदावर मान्य झालेले तत्त्व आणि आपल्या गल्लीतील सकाळ यांत किती अंतर आहे, ते निरनिराळ्या रंगांच्या गणवेशांत, निरनिराळ्या बसमध्ये चढणारी एकाच चाळीतील मुले पाहिली की कळते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांना पंचवीस टक्के जागा ठेवल्या. पण ही दुसऱ्याच्या पंगतीत मिळालेली पाने झाली. सर्वांची एक पंगत अजून व्हावयाची आहे.

होलीहेडने काही चमत्कार केला नाही. दोन लहान शाळा चालविण्यापेक्षा एक चांगली शाळा चालवावी, आणि ती चांगली राहावी म्हणून सर्वांचीच मुले तीत असावीत, इतका साधा हिशोब एका परगण्याच्या समितीने केला. ज्या शाळेत डॉक्टरांचे आणि हमालाचे मूल एकत्र बसते, त्या शाळेच्या गळक्या छपराची तक्रार डॉक्टरही करतात. हमालाची एकट्याची तक्रार टेबलावरच पडून राहते. आपल्या नगरपालिकेची शाळा कोणत्या अवस्थेत आहे, तीत पहिली तुकडी आणि शेवटची तुकडी यांना एकच शिक्षक मिळतो काय, मुलींना प्रयोगशाळेची किल्ली मिळते काय, हे प्रश्न विचारण्यास परीक्षा पास व्हावी लागत नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. तेव्हा आपल्यापैकी चारदोघांनी जरी आपापल्या वस्तीतील शाळेत जाऊन हे विचारले, तरी या व्याख्यानाचा उपयोग झाला असे आम्ही समजू.